समोरचा ओटा

"समोरचा पाडा," नाना म्हणाले.

सप्रे बाईंनी नकाशावरून मान वर केली. पेठेचं रूप बदलायला नगरपालिकेनं पुण्याहून बोलावलेल्या या बाई. आमच्या ओट्यावर त्यांनी लांबरुंद नकाशा पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर माझ्या आईचे पितळी तांबे ठेवले होते.

"असं एकदम नाही हो नाना. मी तुमचं मत विचारतेय. दोन्ही ओटे रस्त्याच्या हद्दीत येतात. एक ठेवून त्याचा रंगमंच करायचा, दुसरा काढून तिथं लोकांना बसायला फरशी घालायची. कुठला ठेवायचा ते अजून..."

"ठरलं की. ह्यो ठेवा. त्यो पाडा."

रस्त्याच्या पलीकडं, बरोबर आमच्या समोर, आपल्या ओट्यावर अनाजी तात्या दाढी करत बसले होते. त्यांनी आरशातून नजर हलवली नाही.

"बाई, त्या म्हाताऱ्याला विचारा," तात्या आरशाला म्हणाले, "त्याच्या बापानं माझ्या बापापुढं डफ पालथा घातला, तवा कुणाचा ओटा जिंकला हुता? त्यो ठेवा."

"माझ्या बापाला त्या दिवशी ताप हुता," नाना नकाशाला म्हणाले.

"ताप उतरला. हार ऱ्हायली."

सप्रे बाई एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिल्या. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं. माझे वडील, नाना, तुऱ्याचे शाहीर, तात्या कलगीचे. तुरेवाला शिवाला थोर मानतो, कलगीवाला शक्तीला, म्हणजे मायेला. एकानं गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊनच जबाब द्यायचा. ज्याला जबाब सुचला नाही त्यानं आपला डफ पालथा ठेवायचा, म्हणजे तो हरला. हे भांडण आमच्या दोन घरांत आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं.

"किती सुंदर," सप्रे बाई म्हणाल्या. "मग तर दोघांनी एकाच रंगमंचावर, शेजारी शेजारी बसूनच गायला हवं. आपल्या सांस्कृतिक पेठेचं तेच बोधचिन्ह करू."

नाना आणि तात्या, दोघंही एकदम खाकरले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या. आमची मंगळपेठ तेव्हा खरंच मेल्यात जमा होती. एस.टी. स्टँड बायपासवर गेलं आणि गिऱ्हाईक त्याच्या मागोमाग गेलं. दुपारच्या उन्हात बंद फळ्यांवरून नुसती धूळ सरकत राहायची. आईचं खणांचं दुकान घराला लागूनच होतं. ती सकाळी खण उलगडून ठेवायची आणि संध्याकाळी तेच खण तशाच घड्या घालून आत न्यायची. बाई म्हणत होत्या, भिंतींवर चित्रं काढू, दिवे लावू, दर शनिवारी गाणंबजावणं ठेवू. माणसं आली की दुकानं उघडतील. याला नाही कोण म्हणणार? आईनं तर त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला होता.

पण नानांना पेठेचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं की समोरचा ओटा पाडता येतो.

तात्यांनी हरकत घेतली. नगरपालिकेच्या सभागृहात उभं राहून ते मुख्याधिकाऱ्यांना नाही नाही ते बोलले, त्यामुळे तर निकाल आणखी लवकर लागला. आमच्याकडं माणूस आला तेव्हा नानांनी संमती दिली. आमच्या ओट्याला काळा दगड बसणार होता, वर लाकडी छत येणार होतं. तात्यांचा ओटा जाणार होता.

जेसीबी आला त्या सकाळी नानांनी ठेवणीतला फेटा बांधला आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले. जणू लग्नाची वरात बघायला बसलेत. तात्या त्यांच्या ओट्यावर डफ मांडीवर घेऊन बसले होते. पोलीस आले, मुख्याधिकारी आले, वरच्या आवाजात बोलले. तात्या कुणालाच काही म्हणाले नाहीत. शेवटी आपले आपणच उठले, डफ छातीशी धरला आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभे राहिले. जेसीबीच्या ड्रायव्हरला तेवढं म्हणाले, "हळू घे, गड्या. आज्यानं डोक्यावरनं आणलेली दगडं हायती."

नाना मोठ्यानं हसले. पेठभर ऐकू गेलं.

त्या दिवशी त्यांनी आईला पुरण घालायला लावलं.

"कुणाचं काय मोडलं म्हणून पुरण?" आई म्हणाली.

"कलगी मोडली."

"कलगी मोडली का दगडं मोडली?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला कशाला कळंल," आई पुरण वाटता वाटता म्हणाली. "शेजाऱ्याच्या घरापुढं खड्डा पडला आन आमच्या घरात सण."

नाना दोन पोळ्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काहीतरी चुकलं. रोज तोंड धुता धुता ते समोर एक टोमणा टाकायचे, गाण्याच्या चालीवर. समोरून तसाच उलटा यायचा. त्याशिवाय दोघांच्याही घरात चहा होत नसे. त्या दिवशी नानांनी टोमणा टाकला आणि थांबले. समोर तात्यांचं दार लागलेलं होतं. दारापुढं मोकळी माती. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत नाना टाकत राहिले. मग नुसतेच चूळ भरून आत यायला लागले.

मातीवर फरशी आली. तात्यांच्या घराच्या भिंतीवर चित्रकार मंडळींनी शिडी लावली आणि दोन मोठे शाहीर काढले. एक नाना, एक तात्या, हसत हसत एकमेकांचा हात धरलेले. रंग वाळायच्या आत तात्यांनी माडीच्या खिडकीतून एक जाड गोधडी खाली सोडली. ती बेतानं अशी सोडली होती की तिच्याखाली फक्त नाना झाकले जावेत. नगरपालिकेचा माणूस ती काढायला आला, तर तात्या म्हणाले, "वाळत घातलीय." गोधडी पुढं कधी वाळली नाही.

नाना ते बघायचे. रागवायचे. पण रागानं बोलायचं कुणाला, तेच त्यांना उमगत नव्हतं. सप्रे बाईंना त्यांनी एकदा विचारलं, "त्यो येणार हाय का गायला?"

"बोलावलंय मी. रंगमंचावर तुमच्या शेजारी जागा ठेवलीय."

"माझ्या शेजारी? त्यो काय माझा भाऊ हाय? समोर बसवा."

"समोर प्रेक्षक बसणार ना, नाना."

त्या रात्री ते जेवताना एकदोनदा उगाच दारातून तात्यांच्या भिंतीकडं बघत राहिले.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी होतं. उन्हं कलली तशी पेठ भरायला लागली. खरंच भरली. इतकी माणसं मी तिथं लहानपणानंतर बघितली नव्हती. आईनं सगळे खण बाहेर टांगले होते. फरशीवर खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं आमच्या ओट्याकडं. पाठी तात्यांच्या दाराकडं.

मी डफ तापवला. ते माझं लहानपणापासूनचं काम. तुराट्यांचा जाळ करायचा, त्याच्यावर डफ फिरवत राहायचा, कातडं ताणलं की बोटानं टिचकी मारून बघायची. डफाला माझा हात लागायचा तो एवढ्यापुरताच. पोरीनं गायचं नाही. नाना गायला बसले की त्यांच्या पाठीमागं भिंतीला टेकून बसायचं, आणि मध्येच डफ उतरला तर दुसरा तापवून पुढं द्यायचा.

"दहा मिनिटं हं, नाना," सप्रे बाई म्हणाल्या. "गण म्हणा, एक रचना म्हणा. मग लगेच पुण्याचा बँड आहे."

नाना रंगमंचावर चढले. दिवे तोंडावर आले. गण झाला, टाळ्या झाल्या. आणि तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

तात्या उंबऱ्यावर येऊन बसले. डोक्याला फेटा, मांडीवर डफ. खुर्च्यांवरच्या माणसांना ते दिसत नव्हते. नानांना दिसले. मी पाठीमागून बघत होते. नानांची मान ताठ झाली, खांदे सरळ झाले. इतके दिवस घरात एक वाकलेला म्हातारा फिरत होता, तो कुठं गेला कळलं नाही. त्यांनी डफ खांद्याला लावला आणि सवाल टाकला.

थोर म्हणशी तुझी माया, सांग तिचा रं ठाव कुठं?
शिव माझा निराकार, त्याला पाट नको, नको ओटं.
ज्याला न्हाई दार-भिंत, त्याचं घर मोडंल कोण?
कलगीवाल्या, दे जबाब, न्हाईतर मग धर मौन.

जखमेवर बोट ठेवून टाकलेला सवाल होता तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना समोर बघत राहिले. डफ तसाच खांद्याला.

तात्या हलले नाहीत. गायले नाहीत. डफही पालथा घातला नाही. नुसते बघत बसले.

बँडवाल्यांनी आपल्या वायरी आणून ठेवल्या. निवेदकानं आभार मानले. नाना उठले नाहीत. निवेदकानं पुन्हा आभार मानले. लोक हसायला लागले. सप्रे बाई बाजूनं वाकून माझ्याजवळ आल्या.

"झालं ना? उठत का नाहीत ते?"

"सवाल टाकलाय," मी म्हणाले. "जबाब आल्याशिवाय उठता येत नाही. डफसुद्धा खाली ठेवता येत नाही."

"जबाब नाहीच आला तर?"

"मग समोरच्यानं डफ पालथा घालायचा."

"आणि त्यांनी तेही नाही केलं तर?"

असं कधी झालं नव्हतं. कुणी करेल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

मुख्याधिकारी तावातावानं आले. "म्हातारबुवा, पाहुणे खोळंबलेत. उठता का उचलू?"

"हात लावून बघा," नाना म्हणाले. नजर समोरच.

त्यांचा हात थरथरायला लागला होता. डफ जड नसतो, पण खांद्याला लावून तसाच धरला की जड होत जातो. कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता. तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. समोर तात्या आरामात बसलेले. मला आधी राग आला तो तात्यांचा. मी ओट्यावरून उतरले, खुर्च्यांमधून वाट काढली आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तात्या, जबाब द्या."

"कुठं बसून देऊ? माझी जागा दाव."

"मग डफ पालथा घाला."

"हरलेल्यानं घालायचा. मी हरलोय?"

"त्यांचा हात थरथरतोय."

"दिसतंय की. लाईट चांगली लावलीय बाईनं."

"ते पडतील तिथं."

"मग काय करू?" तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्याला धार होती. "तुझ्या बापानं माझी बसायची जागा मोडली. मी त्याला बसायला जागा दिली. बसू दे आता पोटभर."

मी खाली पायांकडं बघितलं. गुळगुळीत फरशी. तिच्याखाली कुठंतरी त्या दगडांची जागा.

"जबाब आहे तुमच्याकडं?"

"दोन हायती. गिळून बसलोय."

"माझ्याकडंबी एक आहे," मी म्हणाले.

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तू तुऱ्याची पोर."

"तुऱ्याची म्हणून नानांच्या पाठीमागं बसले. पाठीमागं बसलेल्याला नानांची पाठच दिसते, तात्या. तोंड तुमचं दिसायचं. जन्मभर तुमचंच गाणं ऐकलंय मी, समोरून."

तात्यांनी मांडीवरचा डफ उचलला आणि माझ्या हातात दिला.

डफ गरम होता. नुकताच तापवलेला. गायचं नव्हतं तर तापवला कशाला, हे मी विचारलं नाही.

मी वळले. आता माझ्यासमोर माणसांच्या पाठी होत्या, आणि पाठींच्या पलीकडं उजेडात माझा बाप. मी डफावर थाप मारली. पाठी वळल्या. नानांनी आवाज ओळखला, तात्यांच्या डफाचा. त्यांचा चेहरा उजळला, आणि डफामागं कोण आहे ते दिसलं तसा विझला.

निराकार तुमचा शिव, मग ओट्यावरती बसलंय कोण?
सूर उमटला ज्या गळ्यात, तो गळा त्याला देतंय कोण?
थेंब सुटतो आभाळातनं, नाद होतो मातीवर,
माती नसती खाली तर, पडला असता कुणावर?
मोडा पाट, मोडा ओटा, माती उरंल तीच माया,
तिच्यावरती उभी राहून जबाब देते, शाहीरराया...

आणि मी अडकले. शेवटची ओळ नावाची असते. गाणाऱ्याचं नाव आणि त्याच्या गुरूचं. नावाशिवाय जबाब धरत नाहीत. मला गुरू कुठला? मी डफ घोळवत राहिले, तीच थाप पुन्हा पुन्हा.

"थांबलीस का?" पाठीमागून तात्या.

"गुरूचं नाव..."

"मग घाल की. मेलोय का मी?"

मी घातलं. बापाच्या तोंडासमोर, भरल्या पेठेत, त्याच्या वैऱ्याला गुरू म्हणाले.

कलगीची ही गोदा गाती, अनाजीची शिरी छाया.

मग नानांनी डफ खांद्यावरून उतरवला, हळूहळू, जणू तो काचेचा आहे. फेट्याच्या शेवानं कपाळ पुसलं. आता त्यांना उठता येत होतं. सप्रे बाईंनी माईक हातात घेतलासुद्धा.

नाना उठले नाहीत. मांडी बदलली, पाठ सरळ केली.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या वाजंत्रीवाल्यास्नी सांगा, जेवून घ्या म्हणावं."

आणि त्यांनी माझ्यावर दुसरा सवाल टाकला. तो इथं लिहीत नाही. बापाचं मीठ खाऊन बापाच्याच समोर उभी राहणारी लेक कुठल्या नरकात जाते, असा काहीसा होता, आणि चाल इतकी गोड होती की अंगावर काटा आला. त्यात दयामाया नावाला नव्हती. मी जबाब दिला. त्यांनी तिसरा टाकला. लोकांनी खुर्च्या ओढल्या, कुणी इकडं तोंड केलं, कुणी तिकडं, आणि बघता बघता मधली वाट मोकळी झाली. पेठेत पुन्हा रस्ता दिसायला लागला. बँडवाले कडेला उभे राहून बघत होते. आईनं दुकानाची फळी अर्धी लावलेली तशीच धरून ठेवली होती.

चौथ्या सवालाला मी अडखळले. सुचेना. मी डफ पालथा घातला. नाना हसले, त्या दिवशी जेसीबी बघून हसले होते तसे नाही, आणि उठून आत गेले.

"हरलीस त्याचं काय न्हाई," तात्या डफ परत घेत म्हणाले. "घाई करून हरलीस. सवाल पुरता ऐकून घ्यायचा असतो. सोमवारपासनं येत जा."

सप्रे बाई धावत आल्या. डोळे चमकत होते. "हे आधी बसवलं होतं का तुम्ही? मला सांगायचं ना. दर शनिवारी करता येईल?"

"बाईला सांग," तात्या मला म्हणाले, "दर शनवारी भांडण जमंल. त्यो भिंतीवरचा सलोखा जमायचा न्हाई."

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या शनिवारी फरशीवर, तात्यांच्या दारासमोर, एक लाकडी चौरंग आणून ठेवलेला होता. ओटा पुन्हा बांधला नाही कुणी. चौरंगावर कधी तात्या बसायचे, कधी मी.

त्या पहिल्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. मी नेहमीसारखी उठले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. नाना पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं.

"कुणी केली?" त्यांनी आईला विचारलं.

"गोदीनं. रोज कोण करतंय?"

नानांनी ताट सरकवलं. "कलगीच्या हातचं तुरा खात न्हाई."

"अहो, पोर हाय ती आपली."

"पोर हाय म्हणून घरात हाय. भाकरी तू कर."

आई खूप बोलली. काल त्या डफापुढं तिची चीड आतल्या आत राहिली होती, ती सगळी बाहेर आली. नाना ऐकत बसले. आई तणतणत उठली, परात ओढली, पीठ घेतलं. मी नानांनी सरकवलेलं ताट आपल्याकडं घेतलं आणि त्यातली भाकरी खायला लागले. त्यानंतर नाना गेले तोपर्यंत त्यांनी माझ्या हातचा घास घेतला नाही, लग्न होऊन मी दुसऱ्या गल्लीत राहायला गेल्यावरसुद्धा.

आईची भाकरी तव्यावरून उतरली. नानांनी ती मोडली.

"ती थेंबाची ओळ," ते आईला म्हणाले, "अनाजीची असंल."

"माझी," मी म्हणाले.

नाना घास चावत राहिले, बराच वेळ.